पुनर्वसू यानातला श्वास

“मरताना माणूस एवढा आवाज करत नाही,” काचेपलीकडून हुपरीकर काका म्हणाले.

बूथमध्ये मी आणि गार्गी अशा दोघीच होतो. गार्गीला मरायचं होतं आणि सकाळपासून ते काही केल्या जमत नव्हतं. ती धापा टाकायची, घशातून घरघर काढायची. एकदा तर खरोखरच ठसका लागून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दिग्दर्शक कौस्तुभ इनामदार दर वेळी मान हलवायचा आणि “अजून एकदा” म्हणायचा. काका तोवर गप्प होते. सारा जन्म आवाज टिपण्यात गेलेला हा माणूस नटांना काही शिकवायला जात नसे.

“मग कसा करतो, सर?” कौस्तुभने विचारलं.

तो पुण्याहून आलेला, त्याला काकांच्या घरचं ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला ठाऊक होतं. काकांच्या पत्नी, उज्ज्वलाकाकू, दिवाळीच्या तोंडावर गेल्या होत्या आणि आता शिमगा जवळ आला होता.

काकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. “चहा घेऊ या आधी,” म्हणाले.

कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका तळघरात तो स्टुडिओ होता. मी तेव्हा शाळेत मराठी शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी हौशी नाटकांतून कामं करायचे. कौस्तुभने एका मोबाइल अ‍ॅपसाठी ‘पुनर्वसू’ नावाची श्रुतिमालिका लिहिली होती. पुनर्वसू हे अवकाशयान. पृथ्वी मागे टाकून दूरच्या एका ग्रहाकडे निघालेलं, पोटात तीनेकशे माणसं. वाटेत पाण्याच्या टाकीतून एक रोग पसरतो. माणसाची फुप्फुसं आतून दगडासारखी घट्ट होत जातात आणि एकेक कक्ष रिकामा पडत जातो. परत फिरायची सोय नाही; फिरले तरी पृथ्वी त्यांना घेणार नाही. यानाची डॉक्टर इरावती आजाऱ्यांच्या कक्षाचं दार आतून बंद करून घेते आणि त्यांच्याबरोबर राहते. ती इरावती मी होते.

नवव्या भागात इरावतीची थोरली बहीण, यानाची वैमानिक लीना, मरते. लीना म्हणजे गार्गी. लीनाला बोलता येत नाही. इरावती बोलत राहते आणि उत्तरादाखल येतो तो फक्त श्वास. सगळा भाग त्या एका प्रसंगावर उभा होता. श्वास खोटा वाटला असता तर माझ्या बोलण्याला काही अर्थ उरला नसता.

चहा पिताना कौस्तुभ म्हणाला, “इंटरनेटवर तयार आवाज मिळतात. तेच लावू का?”

“ऐकलेत मी ते,” काका म्हणाले. “सगळे सिनेमातले आहेत.” ते कपाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, “पुढच्या रविवारी मी आणतो काहीतरी. हेमा एकटी आली तरी चालेल.”

गार्गीला सुटका झाल्यासारखं वाटलं असावं. तिने लगेच पर्स उचलली.

पुढच्या रविवारी मी पोचले तेव्हा काकांनी सगळी जोडणी करून ठेवली होती. कौस्तुभ मागच्या खुर्चीत संहिता मांडीवर घेऊन बसला होता.

“मी सुरू करतो,” काका मला म्हणाले. “घाई करू नकोस. श्वास झाला की बोल. तो थांबला तर तूही थांब.”

“किती वेळ आहे?”

“आहे भरपूर.”

मी बूथमध्ये जाऊन हेडफोन चढवले. आधी एक बारीक, एकसुरी घरघर आली, कुठलंतरी यंत्र दुसऱ्या खोलीत चालू असावं तशी. कौस्तुभने काचेपलीकडून अंगठा दाखवला. यानाचा आवाज त्याला तसाच हवा होता. मग त्या घरघरीतून श्वास आला.

लहान होता. उथळ. जिन्याच्या एकाच पायरीवर कुणी पाय ठेवावा, काढावा, पुन्हा ठेवावा, असा काहीसा. मग मोठी फट. ती फट इतकी लांबली की माझ्याच छातीत काहीतरी अडकलं. आणि पुन्हा पाय पायरीवर.

मी बोलायला लागले. संहिता हातात होती, पण तिच्याकडे फार बघावं लागलं नाही.

“लीना, मी इथेच आहे. कुठेही गेलेली नाही. दार मी आतून लावलंय, म्हणजे आता आपल्याला कुणी उठवायला यायचं नाही. तू लहानपणी म्हणायचीस ना, सगळे झोपल्यावर घर आपलं असतं. आता हे सगळं यान आपलं आहे. तू दमलीस. दमू दे. मी जागी आहे.”

मध्येच माझा आवाज फुटला. कौस्तुभने थांबवलं नाही, काकांनीही नाही. श्वासांमधल्या फटी वाढत गेल्या. संहितेतली वाक्यं संपली तेव्हा मी नुसतं “लीना, लीना” म्हणत राहिले. एका फटीनंतर पुढचा श्वास आलाच नाही. मी वाट बघत बसले. यंत्राची घरघर चालूच होती.

कौस्तुभ धावत बूथमध्ये आला. “हेमाताई, पुन्हा नाही करायचं. हेच.” त्याचे डोळे लाल झाले होते. त्याला संध्याकाळची गाडी होती, तो जरा वेळाने निघून गेला.

मी काचेच्या अलीकडे आले. काका संगणकाच्या पडद्यावर नजर लावून बसले होते.

“काका, मधे एक कावळा ओरडला,” मी म्हटलं. “दोनदा. यानात कावळा कुठून येणार?”

“ऐकलं मी. काढतो.”

मी शेजारी बसले. त्यांनी ती जागा शोधली, पुढेमागे केली, कापली. कावळा गेला, पण त्याच्याबरोबर एक श्वासही गेला. त्यांनी पुन्हा जोडलं. दुसरीकडून कापून बघितलं. दुसरा श्वास अर्धा तुटला. त्यांचा हात माउसवर थांबला.

“दोन्ही एकाच वेळी आहेत,” ते म्हणाले. “हा काढला तर ती जाते.”

ते ‘ती’ म्हणाले. तेव्हा मला कळलं. खरं म्हणजे बूथमध्ये पहिला श्वास ऐकला तेव्हाच आतून कुठेतरी कळलं होतं, फक्त मी ते पुढे येऊ दिलं नव्हतं. काकूंनाही फुप्फुसाचाच आजार होता. शेवटचे काही महिने त्या ऑक्सिजनच्या यंत्रावर होत्या. ती घरघर त्या यंत्राची होती.

“काकू आहेत ना या?”

“हं.”

“तुम्ही काकूंचं रेकॉर्डिंग करत होतात?” मला वाटलं त्यापेक्षा हे जास्त कडक निघालं.

“करायचं म्हणून नव्हतं केलं गं.” त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “डॉक्टर म्हणाले होते, श्वासावर लक्ष ठेवा. चोवीस तास उशाशी कोण बसणार? एकटा माणूस मी. शलाका बेंगळुरूला. तर तिच्या उशाशी एक माइक लावला आणि वायर दारातल्या पडद्यापलीकडे माझ्या खोलीत आणली. स्वयंपाक करताना, पेपर वाचताना कानाला हेडफोन. जरा काही वेगळं वाटलं की उठून जायचो. माइक लावला की हात आपोआप बटणावर जातो. ती सवयच.”

“आणि कावळा?”

“खिडकीतला. सकाळी पोळीचा पहिला तुकडा ती त्याला ठेवायची. ती पडली तेव्हापासून कुणी ठेवत नव्हतं, तरी यायचा. दहाव्याला मात्र तासभर थांबलो, शिवायला आला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला.”

त्यांनी हे अगदी साध्या आवाजात सांगितलं. वर पंखा फिरत होता. मी विचारलं, “त्या दिवशी तुम्ही उशाशी होतात ना?”

शलाका, त्यांची एकुलती मुलगी, विमान पकडून येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. आल्यागेल्या सगळ्यांना काकांनी एकच सांगितलं होतं, की हातात हात होता, शांत गेली. मीही भेटायला गेले तेव्हा तेच ऐकलं होतं.

काका संगणकावरची रेघ बघत राहिले.

“मी पडद्यापलीकडे होतो,” ते म्हणाले. “टेबलाशी. चहा ओतून घेतला होता. श्वास बदलला तसा लगेच कळला मला. दुसऱ्या कुणाला कळला नसता, मला कळला. उठायला हवं होतं. दहा पावलंसुद्धा नव्हती मधे. पण मला असं झालं की मी हललो तर ते थांबेल. आवाज टिपायला बसलेल्या माणसाने हलायचं नसतं. खुर्ची करकरते, कापड सळसळतं. आयुष्यभर तसाच बसलो. त्या दिवशीही तसाच बसलो, हेडफोन लावून, ऐकत. शेवटपर्यंत. आणि नंतरही, किती वेळ कुणास ठाऊक. चहावर साय धरली.”

त्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

“तिच्याशी कुणी बोललं नाही, हेमा. ती एकटीच होती आणि कुणी बोललं नाही. गार्गीचं ते धापा टाकणं ऐकलं आणि मनात आलं, आज इथे एक बाई बसली आहे, तिला बोलायचंच आहे. तिचं कामच ते आहे. म्हणून आणलं मी.”

मला राग आला. आज त्या रागाचं नीट कारण सांगता येत नाही, पण तो आला होता एवढं आठवतं. माझं ते रडणं, तो फुटलेला आवाज कुणीतरी मला न विचारता कुठेतरी वापरला होता.

“मी लीनाशी बोलले, काका,” मी म्हटलं. “मला काय माहीत तिथे काकू आहेत ते? ते शब्दही कौस्तुभचे. काकूंशी अजून कुणी बोललेलं नाही.”

“तुम्ही बसा आत. मी लावते.”

मला वाटलं, ते नाही म्हणतील. त्यांनी मला कुठली कळ दाबायची ते दाखवलं, माझा ट्रॅक बंद केला, स्वतःसाठी नवा उघडला. मग दार ढकलून बूथमध्ये गेले आणि मी बसले होते त्याच स्टुलावर बसले. हेडफोन नीट केले. माइक जरा खाली ओढला. सगळं इतक्या सफाईने केलं की मला वाटलं, आता बोलतील.

मी कळ दाबली.

पडद्यावर दोन रेघा सरकू लागल्या. वरची काकूंची, मधूनच उठणारी आणि बसणारी. खालची काकांची. काका ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. एकदा त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. एकदा तोंड उघडलं आणि मी पुढे झुकले, पण खालची रेघ सपाटच राहिली. कावळा ओरडला तेव्हा त्यांची मान किंचित खिडकीच्या दिशेला वळली. बूथला खिडकी नव्हती. वरची रेघ दूर दूर उठू लागली. मी इकडून माइकवर हळूच म्हटलं, “काका, काहीही बोला. नुसती हाक मारा.” त्यांनी ऐकलं असावं, कारण डोळे मिटले. घसा हलला.

मग वरची रेघही उठायची थांबली.

ते बसूनच राहिले. मी दार उघडून आत गेले आणि त्यांच्या कानांवरचे हेडफोन काढले.

“बघितलंस?” ते म्हणाले. “तेव्हाही असंच झालं.”

त्या दिवशी मी त्यांना रिक्षाने घरी सोडलं. वाटेत म्हटलं, तो ट्रॅक काढून टाका. श्वासाचं मी बघते, ऐकून ऐकून मला तसा करता येईल. त्यांनी नकार दिला.

“शलाका ऐकेल, काका. तुमच्या कामातलं ती सगळं ऐकते.”

“ऐकू दे. मला तोंडाने सांगता येणार नाही.”

कौस्तुभला मी एवढंच सांगितलं की मागे कावळा आलाय आणि तो निघत नाही. त्याने फोनवर क्षणभर विचार केला आणि एक वाक्य लिहून पाठवलं. ते मी पुढच्या रविवारी बोलले. “लीना, पृथ्वीवरचे आवाज लावते हं तुझ्यासाठी, ऐक.” ऐकणाऱ्यांना नवव्या भागात तेच सगळ्यात आवडलं, असं नंतर कळलं.

भाग लागला त्याच्या पुढच्या रविवारी आम्ही शेवटचा भाग रेकॉर्ड करत होतो. दुपारी तळघराचा जिना उतरून एक मुलगी आली. पाठीवर सॅक, प्रवासाने चुरगळलेले कपडे. काकूंचीच हनुवटी, त्यामुळे ओळख करून द्यावी लागली नाही. काका उठून उभे राहिले. तिने त्यांच्याकडे बघून मान हलवली आणि माझ्याकडे वळली.

“त्या डॉक्टर तुम्ही ना?”

“हो. मी हेमा.”

“छान बोललात.” तिने सॅक खाली ठेवली. “तो श्वास आईचा आहे. मला विचारायचं नाहीये, मला माहितीये. वर्षभर रोज फोनवर तोच ऐकत होते मी, बोलायची कुठे ती फारशी. बसमध्ये होते, ऐकता ऐकता उतरून गेले मधेच.” “बाबांवर चिडायला नाही आले मी. त्यांना तिचं काहीतरी ठेवावंसं वाटलं असेल, लावावंसं वाटलं असेल. ठीक आहे. मला फक्त मूळ रेकॉर्डिंग हवंय.”

“मूळ म्हणजे?” कौस्तुभ गोंधळून म्हणाला.

“बाबांचा आवाज असलेलं. नाटकासाठी तुम्ही तो काढून टाकला असणार, ते बरोबरच आहे. पण ते शेवटी तिच्याशी काय बोलत होते ते मला ऐकायचंय. मी नव्हते ना तिथे.”

मी काकांकडे बघितलं नाही. मनात आलं, सांगावं की ती फाइल पुसली गेली. सहज खपलं असतं.

“काढलेला नाही,” काका म्हणाले. “नव्हताच.”

“म्हणजे?”

“मी बोललो नाही. मी तिथे नव्हतो, शलू. पडद्यापलीकडे बसलो होतो.”

“तुम्ही म्हणाला होतात, हातात हात होता.”

“खोटं सांगितलं.”

“झोप लागली होती तुम्हाला?”

तिने त्यांना एक वाट करून दिली होती. आम्हा सगळ्यांना ती दिसली. काकांनाही दिसली असेल.

“नाही. जागा होतो. ऐकत होतो,” ते म्हणाले.

शलाका सॅक उचलून जिना चढून गेली. काका खुर्चीत बसले, हेडफोन चढवले आणि मला बूथमध्ये जायची खूण केली. आम्ही शेवटचा भाग पुरा केला. पुनर्वसूवर शेवटी कोण वाचतं ते आता मला आठवतही नाही.

ती त्यांच्याशी बोलायची थांबली. दिवाळीत आली नाही. वर्षश्राद्ध त्यांनी एकट्यानेच केलं. मी अधूनमधून जायचे, डबा न्यायचे. त्यांनी एकदाही तिच्याबद्दल तक्रार केली नाही. “बरोबर आहे तिचं,” एवढंच म्हणायचे.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. शेजाऱ्यांनी दवाखान्यात हलवलं आणि शलाकाला कळवलं. मला दुसऱ्या दिवशी समजलं, तशी मी शाळा सुटल्यावर गेले.

दारातच नर्स भेटली. “त्यांच्या मुलीला जरा समजवा,” ती म्हणाली. “काल आल्यापासून बोलतायत. पेशंटला काही कळत नाही, सांगितलंय डॉक्टरांनी. ऐकत नाहीत.”

शलाका खाटेशी स्टुलावर बसली होती. बापाचा हात तिने दोन्ही हातांत धरला होता आणि ती बोलत होती. तिचा आवाज बसला होता, शब्द मधूनमधून नुसते हवेसारखे निघत होते. बेंगळुरूच्या घरमालकिणीबद्दल सांगत होती. मग तिथे कसली वांगी मिळतात ते. ऑफिसच्या बसचा ड्रायव्हर. समोरच्या गच्चीतलं मांजर. एक संपलं की दुसरं, मधे जागा न ठेवता. काकांचे डोळे मिटलेले होते आणि श्वास लहान होता. तो श्वास मी ओळखला. तिनेही ओळखला असणार.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तिने वर बघितलं. ओठ कोरडे पडून फुटले होते. बोलायचं न थांबवता तिने माझ्यासाठी स्टूल सोडलं, त्यांचा हात माझ्या हातात दिला.

“हेमाताई आल्यात, बाबा,” ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “पाणी पिऊन येते. तोवर तुम्ही बोला. थांबू नका मधे.”

ती गेली. खोलीत त्या श्वासाशिवाय काही नव्हतं. एक झाला. मग फट. इतकी वर्षं संहिता हातात घेऊन बोलत आले होते मी. पुढचा श्वास आला तशी मी त्यांच्या कानाशी वाकले.

“काका, मी हेमा,” मी म्हटलं. “शलाका पाणी प्यायला गेलीये. येतेच आहे ती.”